डायलचे डंबेल घ्यावेत की रॉड-प्लेटचे? उदगीरच्या वाचक मैत्रिणीला उत्तर

पत्र असं आलंय:

"ताई नमस्कार, मी उदगीरहून लिहितेय. वय ३४, बँकेत नोकरी. सकाळी साडेनऊला घर सोडते ते संध्याकाळी सात-साडेसातला येते. गावात जिम आहेत पण बायकांचा टाइम दुपारचा, तो मला जमत नाही. मिस्टर पण काही दिवस गेले आणि बंद झाले. वरच्या मजल्यावर दहा बाय दहाची खोली रिकामी आहे, खाली शहाबादी फरशी, तिथंच घरी व्यायाम सुरू करायचं ठरवलंय. मिस्टर म्हणायलेत डायल फिरवून वजन बदलतं ते २४ किलोवाले डंबेल घेऊ, पण त्याची जोडी वीस हजाराच्या पुढं जायलीय, ईएमआय करू म्हणतात. मी ऑनलाइन लाल-काळ्या प्लेटचा २० किलोचा सेट बघितला, दीड हजारात. सासरे तरुणपणी यात्रेतल्या कुस्त्या खेळलेले, ते म्हणतात लोखंड कशाला, दंड-बैठका मारा. बजेट खरं सांगायचं तर दहा हजार. घरात सहा वर्षांचा मुलगा आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना पण यातलं काही करता येईल का? काय घेऊ?"

सुनीता (नाव बदललंय), उत्तर आधी सांगून टाकते, कारणं मग. तुम्ही रॉड आणि लोखंडी प्लेटवाले घ्या, आट्याचा, म्हणजे टोकांना स्क्रूसारखे पेच पाडलेला रॉड असतो आणि दोन्हीकडून स्टार नट आवळायचे असतात ते. दीड हजाराचा सेट तर नकोच, आणि डायलवाले आत्ता नको. डायलवाले कुठल्या घरात बरोबर ठरतात तेही पुढं लिहिते, कारण तुझ्या मिस्टरांच्या म्हणण्यात तथ्य आहे, फक्त तुमच्या घराचं गणित वेगळं आहे.

आधी त्या २० किलोच्या सेटचं बघू, कारण इथंच बहुतेक लोक फसतात. '२० किलोचा सेट' म्हणजे २० किलोचा डंबेल नव्हे, खोक्यातल्या सगळ्या प्लेटा मिळून २० किलो. दोन हातात वाटल्या की एका हाताला १० आणि वर रॉडचं जे काय असेल ते. त्यात बऱ्याचदा ३ किलोच्या ४ आणि २ किलोच्या ४ अशा प्लेटा येतात. आता डंबेलच्या दोन्ही टोकांना सारखंच वजन लागतं आणि डंबेल दोन, म्हणजे एका मापाच्या चारही प्लेटा एकाच वेळी अडकल्या. मग तुला लावता काय काय येतं बघ: नुसता रॉड, नाहीतर ४ किलो अधिक रॉड, नाहीतर ६ अधिक रॉड, नाहीतर एकदम १० अधिक रॉड. झालं, संपलं. शेवटची उडी सरळ ४ किलोची.

ही उडीच तुझ्यासाठी सगळ्यात मोठी अडचण आहे आणि दुकानात कुणी हे सांगत नाही. पुरुष माणूस १५ वरून साडेसतरावर गेला तर त्याला सहावा हिस्सा वाढला, जड लागतं पण निभावतं. तू खांद्याच्या व्यायामाला ४ किलो उचलतेस आणि पुढची पायरी ६ असेल तर वजन एकदम दीडपट झालं. खांदा ते घेत नाही, मग बाई पाठ वाकवून, झोका देऊन वर नेते, दुखतं, आणि दोन महिन्यांत डंबेल पलंगाखाली जातात. माझ्याकडं येणाऱ्या बायकांत मी हे नेहमी बघते, आणि दोष त्यांचा नसतोच, पायऱ्याच चुकीच्या असतात. म्हणून कुठलाही डंबेल बघताना 'जास्तीत जास्त किती किलो' हा प्रश्न नंतर विचार, आधी विचार की सगळ्यात कमी किती आणि मधली पायरी केवढी. डायलवाल्यांमध्ये पण हेच बघायचं, त्यात काही मॉडेल ५ किलोपासून सुरू होतात आणि ५-५ किलोनं वाढतात, ते फोटोत कितीही चांगले दिसले तरी तुझ्या कामाचे नाहीत.

त्या स्वस्त सेटच्या प्लेटा बाहेरून प्लास्टिकच्या आणि आत सिमेंट नाहीतर वाळूसारखं भरण असतं. लोखंडापेक्षा हलकं भरण म्हणून प्लेट जाड होते, रॉडवर जागा खाते, आणि शहाबादीवर एकदा आपटली की कडेला चीर जाते, मग झाडू मारताना रोज तिथं पूड सापडते. त्याच खोक्यात दोन रॉड जोडून बारबेल करायचा एक जोडनळा पण असतो, 'टू इन वन' म्हणून. त्याच्यावर वजन लावून खांद्यावर बैठका मारायला कुणीही जाऊ नये, तो जोड त्यासाठी नसतो.

आता घ्यायच्या आधी एक काम कर, फुकटचं आहे. पाणी १ लिटर म्हणजे १ किलो, हे तर माहितीच आहे, आणि लातूर-उदगीरकडच्या घरात बाटल्या-कॅनला काय तोटा नसतो, नळाला रोज पाणी येत नाही म्हणून आपण भरून ठेवतोच. दोन लिटरच्या दोन बाटल्या घे आणि खांद्यापासून डोक्यावर उचलून बघ. ५ लिटरचा तेलाचा रिकामा कॅन धुऊन पाण्यानं भर, एका हातानं खुर्चीचा आधार घे, कंबरेतून पुढं वाक आणि दुसऱ्या हातानं कॅन कुशीकडं ओढ. १० लिटरचा कॅन छातीशी धरून बैठका मार. जे वजन ८ ते १२ वेळा नीट उचलता येतं आणि शेवटच्या दोन वेळा खरंच जोर लागतो ते तुझं आजचं वजन. मिस्टरांनाही लाव हेच करायला आणि दोघांचे आकडे कागदावर लिहून काढा. सुरुवातीला बहुतेक बायकांचं डोक्यावर उचलायचं ३ ते ५ किलो एका हाताला, पाठीचं ५ ते ८, बैठकांचं ८ ते १२ असं काहीतरी येतं. म्हणजे एकाच बाईला तीन व्यायामांना तीन वेगळी वजनं लागतात, आणि सहा महिन्यांनी ती तिन्ही बदललेली असतात, पायांचं तर बघता बघता वाढतं. फिक्स वजनाची एक जोडी घेऊन भागत नाही ते यामुळंच.

मग काय घ्यायचं. १४ इंची भरीव लोखंडी रॉड दोन, साधारण २ किलोचा एक. त्यावर ५ किलोच्या ४ प्लेटा, अडीचच्या ४, सव्वाच्या ४, आणि अर्ध्या किलोच्या ४. अर्ध्या किलोच्या सगळीकडं मिळत नाहीत, दुकानदार म्हणेल कोण घेतंय त्या, तरी मागव म्हणावं, तुझ्यासाठी त्याच सगळ्यात कामाच्या आहेत. एवढ्यात एका हाताला किती किती होतं ते मी मांडून देते: २, ३, साडेचार, साडेपाच, ७, ८, साडेनऊ, साडेदहा, १२, १३, साडेचौदा, साडेपंधरा, १७, १८, साडेएकोणीस, साडेवीस. बघ, कुठंच दीड किलोपेक्षा मोठी उडी नाही. आणि एकच डंबेल छातीशी धरून बैठका मारायच्या असतील तर दुसऱ्या रॉडच्या प्लेटा पण त्यालाच लाव, दोन्ही बाजूंना प्रत्येकी ५ च्या दोन आणि सव्वाची एक, झाले साडेचोवीस. ही सोय डायलवाल्यात नसते, त्याच्या प्लेटा दुसऱ्याला लावता येत नाहीत.

वजन सगळं मिळून ३७ किलो प्लेटा. प्लेटा किलोच्या भावानं मिळतात, शंभर ते दीडशे रुपये किलोच्या आसपास धर, दुकानागणिक फरक पडतो, रबर चढवलेल्या थोड्या महाग. म्हणजे फार तर साडेपाच हजाराच्या आसपास प्लेटा, वर रॉड आणि नट, सात हजाराच्या आतबाहेर काम होतं. उदगीरमध्ये नाही जमलं तर लातूरला स्पोर्ट्सच्या दुकानात चौकशी कर, नाहीतर बंद पडलेल्या जिमचं सामान विकायला निघतं त्यावर लक्ष ठेव. लोखंडी प्लेट जुनी झाली म्हणून वजनानं कमी होत नाही. फक्त त्या प्लेटांचं भोक बघून घे. मोठ्या जिममधल्या बारबेलच्या प्लेटांचं भोक ५० मिलिमीटरचं असतं, त्या आपल्या बारक्या रॉडवर घोळतात. आणि बारक्यातही २५ चा रॉड, २८ चा रॉड असा फरक असतोच, म्हणून प्लेट घ्यायला जाताना रॉड सोबत ने, फोटो दाखवून घेऊ नको.

दुकानात उभं राहूनच एक करून बघायचं. एका बाजूला चारही मापाच्या प्लेटा चढव, ५, अडीच, सव्वा, अर्धा, मग नट लाव. नट पूर्ण बसून त्याच्या बाहेर रॉडचे दोन-तीन आटे दिसले पाहिजेत. रबराच्या प्लेटा जाड असल्या की इथं अडतं, नट निम्माच बसतो, आणि निम्मा बसलेला नट डोक्यावर उचलताना सुटला तर काय होईल ते सांगायला नको. तसं होत असेल तर बिनरबराच्या बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या प्लेटा घे, त्या बारीक असतात, नाहीतर थोडा लांब रॉड घे. नटाला आतून रबरी रिंग आहे का बघ, ती नसेल तर व्यायाम करता करता नट आपोआप ढिला होतो. आहे तरी पण प्रत्येक सेटच्या, म्हणजे सलग ८-१२ वेळा उचलायच्या फेरीच्या आधी दोन्ही नट हातानं आवळून बघायची सवय दोघांनीही लावा. रॉडची पकडायची जागा खरबरीत असावी, क्रोमची एकदम गुळगुळीत नको, मे महिन्यात हाताला घाम असतो. जाताना दोन नट जास्तीचे घे. प्रत्येक कंपनीचे आटे सारखे नसतात, एक नट हरवला आणि तसलाच मिळाला नाही की अख्खा डंबेल पडून राहतो.

आणि प्लेटा घरी नेण्याआधी मोंढ्यात ओळखीच्या आडतीवर थांबा आणि इलेक्ट्रॉनिक काट्यावर एकेक ठेवून बघा. पाच लिहिलेली साडेचार भरते, कधी सव्वापाच भरते, असलं सर्रास असतं. थोडा फरक चालतो, पण जोडीतल्या दोन प्लेटांत पाव किलोचा फरक असेल तर बदलून माग. वजन कमी भरलं म्हणून शरीराचं काही अडत नाही गं, पण एक हात रोज जास्त उचलतोय हे बरं नाही, आणि किलोच्या भावानं पैसे दिलेत तर किलो पूर्ण मिळालाच पाहिजे.

आता मिस्टरांचा मुद्दा. डायलवाल्याची खरी गोष्ट म्हणजे वेळ. डायल फिरवला, आतल्या पट्ट्या हव्या तेवढ्याच प्लेटा पकडतात, बाकीच्या ट्रेमध्ये राहतात, पाच सेकंदात वजन बदललं. रॉडवाल्यात दोन्ही डंबेलचे चार नट काढा, प्लेटा बदला, पुन्हा आवळा, मिनिट-दोन मिनिटं जातात. संध्याकाळी साडेसातनंतर स्वयंपाक, मुलाचा अभ्यास आणि त्यात व्यायाम, त्या घरात मिनिटाला किंमत आहे हे मला समजतं. शिवाय जागा कमी लागते, एका कोपऱ्यात दोन ट्रे, काम झालं.

पण त्याच्या आत यंत्र आहे, प्लास्टिकच्या पट्ट्या, खाचा, स्प्रिंगा, आणि यंत्र म्हटलं की ते बिघडणार कधी आणि दुरुस्त करणार कोण हे आधी विचारायचं. जमिनीवर टाकलेलं त्याला चालत नाही, बहुतेक कंपन्या टाकल्यावर वॉरंटी देत नाहीत. वजन बदलताना डंबेल ट्रेमध्ये सरळच बसावा लागतो, प्लेट जराशी तिरकी राहिली की डायल अडकतो नाहीतर प्लेट अर्धवट पकडली जाते. आणि आपल्याकडची धूळ बघ ना, काळ्या मातीची बारीक धूळ उन्हाळाभर खिडकीतून येते, वरच्या मजल्यावर तर जास्तच, ती त्या खाचांत बसते. बिघडलं की तो २४ किलोचा डंबेल पॅक करून कुरिअरनं पाठवायचा कुठं, पुणे, मुंबई नाहीतर दिल्लीला, आणि तोपर्यंत एका डंबेलवर व्यायाम. उदगीरचा पिनकोड टाकून रिटर्न पिकअप होतो का एवढं जरी तपासलं तरी अर्धं उत्तर मिळेल. रॉडवाल्यात बिघडायचं काय तर नट. गंज आला तर शिलाई मशीनचं तेल फडक्यावर घेऊन पुसलं की झालं.

हे नुसतं भारतात बनलेल्या स्वस्त मॉडेलचं रडगाणं आहे असंही समजू नको. बोफ्लेक्स हा अमेरिकन ब्रँड, डायलचे डंबेल घराघरात पोचवणारा, त्याचे ५५२ आणि १०९० या नंबरचे डंबेल २०२५ च्या जूनमध्ये अमेरिकेत परत मागवले, जवळजवळ ३८ लाख नग. कारण व्यायाम करताना प्लेट हँडलवरून सुटून पडू शकते, लोकांना इजा पण झाल्या होत्या. म्हणजे चांगल्या किमतीच्या मालातही जीव अडकतो तो प्लेट पकडणाऱ्या त्या बारीक भागात. याचा अर्थ डायलवाले सगळे वाईट असा मी काढत नाही, वापरणारे वर्षानुवर्षं नीट वापरतात. ज्यांच्याकडं आहेत त्यांना मी एवढंच सांगते की वजन लावलं की दोन्ही टोकांचा आकडा बघा, ट्रेच्या वर इंचभर उचलून हलकं हलवून बघा, प्लेट खडखडली नाही तरच तोंडावर न्या.

तुम्ही दोघं वर्षभर नियमित व्यायाम करणारे असता, पुण्यात किंवा संभाजीनगरात सर्व्हिस सेंटर जवळ असतं, बजेट पंचवीस हजार असतं आणि मॉडेल २ किलोपासून एक-दीड किलोच्या पायऱ्यांनी वाढणारं असतं तर मी म्हटलं असतं घ्या. पण अजून व्यायाम सुरूच झालेला नाही आणि हप्ता आधी सुरू करायचा, हे मला पटत नाही. मिस्टर जिम सोडून आलेत, त्यांना नावं ठेवायची नाहीत, लोक सोडतातच, पण पहिले सहा महिने स्वस्त आणि टिकाऊ मालावर काढावेत.

वेळेचा प्रश्न राहतोच, त्यावर उपाय सांगते, तो मिस्टरांना नक्की आवडेल. रॉडची दुसरी जोडी घ्या. हजार रुपयांच्या आसपास जातील पण एक जोडी तुझी, एक त्यांची. तुझ्या रॉडवर सव्वाच्या आणि अर्ध्याच्या, झाले साडेपाच किलो, त्यांच्या रॉडवर ५ च्या, झाले १२, अडीचच्या चढवल्या तर १७. दोघं एकाच वेळी व्यायाम करू शकता आणि कुणी कुणाचे नट काढत बसायची गरज नाही. आणि एका दिवसाचे व्यायाम असे लावा की मधे एकदाच वजन बदलावं लागेल, आधी पाय आणि पाठ जड वजनावर, मग छाती-खांदे हलक्यावर.

खोलीचं बघू. लोकांना भीती असते की वरच्या मजल्यावर एवढं वजन ठेवलं तर स्लॅबला काही होईल का. घराचा आरसीसी स्लॅब साधारण चौरस मीटरला २०० किलो भार धरून केलेला असतो, तुमच्या ४०-४५ किलोनं त्याला काही होत नाही, गच्चीवरची ५०० लिटरची टाकी भरली की त्याच्या दहापट असते. माळवदाचं, म्हणजे लाकूड-मातीच्या छताचं जुनं घर असेल तर मात्र वर नकोच, खालीच करा. खरी काळजी फरशीची, शहाबादीवर कडेनं प्लेट पडली की टवका उडतो, आणि आवाज खालच्या खोलीत सासू-सासऱ्यांच्या डोक्यावर. जिमची म्हणून विकतात त्या रंगीत फोमच्या चटया डंबेलखाली टिकत नाहीत, महिन्यात खड्डे पडतात. त्यापेक्षा दूध धंद्याचं सामान विकणाऱ्या दुकानात जा आणि गाईच्या गोठ्यात टाकतात ती रबरी मॅट माग. साधारण साडेसहा बाय चार फुटाची, बोटभर जाड, म्हशीच्या खुराखाली टिकते ती डंबेलखाली टिकतेच. पहिले काही दिवस रबराचा वास येईल, दोन दिवस गच्चीवर उन्हात टाक. हे धरून सगळं दहा हजारात बसतं.

बेंच आत्ता घेऊ नको. छातीचा व्यायाम मॅटवर पाठ टेकून झोपून करायचा, कोपर जमिनीला टेकलं की थांबायचं, खांद्याला पण सुरक्षित. प्लास्टिकच्या खुर्च्या जोडून त्यावर झोपून डंबेल उचलणारे लोक मी बघितलेत, ते कुणीही करू नये.

मुलाचं मात्र मनावर घे. सहा वर्षांचं पोरगं म्हणजे आईबाबा जे करतात ते करून बघणारच. ५ किलोची प्लेट पायाच्या बोटावर पडली तर बोट मोडतं. प्लेटा उभ्या करून भिंतीला टेकवून ठेवू नको, त्या घरंगळतात, आडव्या ठेव, जमिनीवरच, कपाटाच्या वरच्या फळीवर बिलकुल नको. खोलीला बाहेरून कडी असू दे, वरच्या बाजूला. आणि त्याला पण तुमच्यासोबत बैठका, बेडूकउड्या करू दे, म्हणजे चोरून हात लावायची ओढ कमी होते.

सासऱ्यांना म्हणावं, तुमचं निम्मं नाही, निम्म्यापेक्षा जास्त बरोबर आहे. महाराष्ट्र केसरी हरिश्चंद्र बिराजदारांच्या जिल्ह्यात बसून दंड-बैठकांना कमी लेखायची माझी हिंमत नाही आणि इच्छा पण नाही. दंडानं छाती, खांदे, दंड आणि कंबर बनते, बैठकांनी मांड्या. पण दोन गोष्टी त्यात येत नाहीत. एक म्हणजे ओढायचा व्यायाम. तालमीत पोरं दंड-बैठकांवर थांबत नाहीत, दोर चढतात, लढतीत समोरच्याला ओढतात, पाठ त्यात तयार होते. दिवसभर बँकेत कॉम्प्युटरपुढं वाकून बसणाऱ्या बाईला पाठीचाच व्यायाम सगळ्यात जास्त लागतो आणि त्यासाठी हातात ओढायला वजन पाहिजे. दुसरं म्हणजे सुरुवात, तुला आज एक तरी पूर्ण दंड निघतो का? बहुतेकींना निघत नाही. डंबेल ३ किलोवरून सुरू करता येतो, दंड तसा किलोनं मोजून हलका करता येत नाही, फार तर भिंतीला हात टेकून करायचा. मला वाटतं तुम्ही दोन्ही करा, आणि सासऱ्यांनाच वर बोलवा शिकवायला. कुस्ती खेळलेल्या माणसाची नजर असते, गुडघा आत चाललाय, कंबर खाली पडलीय हे ते लगेच सांगतील, असला माणूस घरात असणं मोठी गोष्ट आहे.

किती करायचं? जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये जे सांगितलंय त्यात मोठ्या माणसांनी आठवड्यात किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंचा ताकदीचा व्यायाम करावा असं आहे. दोन दिवसांपासून धर, जमले तर तीन. छातीशी डंबेल धरून बैठका, दोन्ही हातात डंबेल घेऊन पाठ सरळ ठेवून कंबरेतून वाकणं-उठणं, एका हातानं कुशीकडं ओढणं, जमिनीवर झोपून छातीचं, उभं राहून खांद्याचं, आणि शेवटी दोन्ही हातात डंबेल लटकवून खोलीत चकरा. प्रत्येकाचे दोन-तीन सेट, चाळीस मिनिटांत होतं. १२ वेळा आरामात निघायला लागलं की पुढची पायरी, म्हणजे त्या अर्ध्या किलोच्या प्लेटा. पुरुषांसारखे दंड फुगतील ही भीती असेल तर काढून टाक, बायकांच्या शरीरात त्यासाठीचं हार्मोन फार कमी असतं. ताकद मात्र येते आणि हाडं टिकतात, चाळिशीनंतर त्याचं मोल कळतं. उन्हाळ्यात संध्याकाळी वरची खोली तापलेली असते, स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडतो, तेव्हा मार्च ते जून सकाळी साडेपाच-सहाला उरका, थंडीत संध्याकाळी केलं तरी चालतं.

सासूबाईंना डंबेलची गरज नाही, लगेच तरी. आधी एकदा डॉक्टरांना गुडघे दाखवून या, सूज असेल, गुडघा गरम लागत असेल नाहीतर मधेच अडकत असेल तर डॉक्टर नाहीतर फिजिओथेरपिस्ट सांगतील तेवढंच करायचं. तसं काही नसेल तर लाकडी, न हलणाऱ्या खुर्चीवर बसायचं आणि हाताचा आधार कमी कमी करत उठायचं, पाच-सात वेळा, भिंतीजवळ. खुर्ची उंच असली की गुडघ्याला सोपं जातं, म्हणून सुरुवातीला बसायच्या जागी घडी घातलेली सतरंजी ठेव. बसल्या बसल्या एकेक पाय समोर सरळ करून थोडा वेळ धरायचा. हे सोपं जायला लागलं की अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली दोन्ही हातात. खालीच करू दे त्यांना, जिना चढून वर यायला लावू नको.

पैसे देताना पक्कं बिल घे आणि प्लेटा बदलून देण्याचं दुकानदाराकडून आधीच वदवून घे, कारण काट्यावरची गोष्ट नंतरची आहे. ऑनलाइन मागवलंसच तर खोकं उघडताना मोबाइलवर व्हिडिओ काढ, जड मालाचं खोकं वाटेत फाटतं आणि त्यातून सगळ्यात आधी नटच गायब होतात.